धाकट्याचा आवाज

स्टुडिओत तिला सगळे 'बाळ्या' म्हणत. केस पांढरे, नाकावर जाड भिंगांचा चष्मा, गुडघ्याला पट्टा, आणि हाक काय तर 'ए बाळ्या, चल लवकर!' नवखा माणूस दाराकडे बघायचा, कोण पोरगा धावत येतोय म्हणून. येत असे ती, कठडा धरून, धापा टाकत, "आले रे बाबांनो, आले" करत.

सिनेमातल्या लहान मुलांना ती आवाज द्यायची. पडद्यावर मूल बोलतं तेव्हा ते मूलच बोलत असेल अशी आपली समजूत असते. पुष्कळदा ते खरं नसतं. चित्रीकरणाच्या जागी पंखे, गाड्या, बघे यांचा गोंगाट असतो. तिथला आवाज टाकून द्यायचा आणि नंतर बंद खोलीत पडद्यावरच्या ओठांबरहुकूम सगळं पुन्हा बोलायचं. मोठे नट हे करतात. लहान पोराला काळोखात उभं करून, कानांना हेडफोन लावून तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं की ते रडकुंडीला येतं. मग बाळ्याला बोलावणं जाई. एका पिढीने पडद्यावर जेवढे मुलगे पाहिले, जत्रेत चुकलेले, घोड्यावर बसलेले, आईला शोधत फिरणारे, त्यांतले बहुतेक हिच्या घशातून बोलले.

मी तिच्याच इमारतीत, खालच्या मजल्यावर राहते. सगळा जन्म शाळेत गेला. फळ्याकडे तोंड करून मागे कोण बोललं ते मी ओळखायची. पण हिने जिन्यात पाठीमागून पोराच्या आवाजात हाक मारली की अजून माझा हात खडू शोधतो.

एकदा मी तिला विचारलं, "तुला आवाज येतात तरी किती?"

"पुष्कळ येतात. तान्हं बाळ येतं, मुली येतात, बोबडी येते, मांजरसुद्धा येतं. मुलगा मात्र एकच."

"एकच?"

"आमचा धाकटा," ती म्हणाली.

तिचा धाकटा भाऊ मी पाहिलेला नाही. मी या इमारतीत आले त्याच्या आधीच तो गेला होता. पण त्या घरात त्याच्याविषयी इतकं ऐकलं की माझ्या वर्गातून गेलेल्या काही मुलांपेक्षा तो मला जास्त ओळखीचा आहे. अभ्यासाची वेळ झाली की तो मागच्या दाराने मैदानावर पळायचा आणि ही आतल्या खोलीत दार लावून बसायची. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "वाचतोयस ना रे?" आणि बंद दाराआडून धाकट्याच्या आवाजात उत्तर यायचं, "वाचतोय गं! किती वेळा विचारतेस!" हे बरेच दिवस चाललं. एके दिवशी आईने "जेवायला या" म्हणून हाक मारली, आतून "आलो" असं उत्तर आलं, आणि त्याच क्षणी धाकटा मळके पाय घेऊन पुढच्या दारातून आत शिरला. कुणाला आधी बदडावं हेच आईला कळेना. शेवटी ती पोळपाटावर डोकं टेकून हसत बसली.

थोरल्यांच्या राज्यात तो गेला. ज्यांना तो काळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. त्या माणसाने सगळ्या देशाकडून स्वतःला 'थोरले' म्हणवून घेतलं होतं. सिनेमा सुरू होण्याआधी त्यांचा बातमीपट दाखवत आणि तो संपेपर्यंत सगळ्यांनी उभं राहायचं असा दंडक होता. एका बातमीपटात थोरले कुठल्याशा पुलाचं उद्घाटन करताना वाऱ्याने त्यांची टोपी उडाली आणि त्यांनी ती घाईत उलटी घातली. तेवढा तुकडा कापायचं धाडस कुणाला झालं नसावं, कारण कापायचा म्हणजे थोरले चुकले असं आधी म्हणावं लागलं असतं. सगळं थिएटर ओठ चावत उभं होतं. धाकटा हसला. मिसरूड फुटलेला पोरगा, हसू आलं, हसला. बाहेर अशांना न्यायला ट्रक उभाच असे.

तो परत आला नाही. का नेला, कुठे नेला, काय केलं, याचं उत्तर कुणी दिलं नाही आणि पुढे पुढे विचारणंही धोक्याचं झालं.

आईने जेवण सोडलं. ही तेव्हा स्टुडिओच्या कचेरीत टायपिंग करायची. एकदा एका चित्रपटात मुलाचा आवाज हवा होता, ठरलेली बाई आजारी पडली, आणि ही सहज बोलून गेली, "मी बघू का?" हिला एकच मुलगा येत होता, तो तिने काढला. चित्रपट लागला तेव्हा ती आईला जबरदस्तीने घेऊन गेली. पडद्यावर कुठला तरी गोरागोमटा मुलगा झाडावरून ओरडला, "आई, बघ मी किती उंच आलो!" आणि शेजारी बसलेल्या आईने हिचं मनगट असं धरलं की वळ उठले. घरी आल्यावर आई पोटभर जेवली.

तेव्हापासून तो त्या घराचा नेमच झाला. हिचा चित्रपट लागला की आई पहिल्या दिवशी जायची. पुढे काचबिंदूने डोळे गेले. मग दुपारच्या वेळी टीव्हीवर जुने सिनेमे लागत ते ती ऐकायची. मी वर्तमानपत्र वाचून दाखवायला जायची तेव्हा हमखास मला थांबवून विचारायची, "बाई, आज काय लागलंय? धाकटा आहे का त्यात?" इमारतीतले सगळे त्यांना आजी म्हणत, मीही म्हणे. आजींना वेड लागलं होतं असं कुणी समजू नये. मी एकदा भीतभीत तो विषय काढला तेव्हा त्या म्हणाल्या, "बोलते ही, ते काय मला कळत नाही? पण बोलतो तो."

आणखी एक नेम होता. पहिला घास उचलला की आजी शांतपणे म्हणायच्या, "त्या मेल्याचं तळपट होवो." मग जेवायला सुरुवात. त्यात राग नसे, आरडाओरडा नसे. मिठासारखी ती शिवी जेवणाला लागे. थोरले पुढे सत्तेवरून गेले आणि आपल्या बिछान्यात, उशाला डॉक्टर बसवून, म्हातारे होऊन मेले. शिवी चालूच राहिली. मी म्हटलं, "आजी, तो तर मेला की आता."

"मेला तर मेला. तळपट व्हायचं राहिलंय."

तर अशा या घरात थोरल्यांवरचा चित्रपट आला.

दिग्दर्शकाचा फोन आला तेव्हा विषय ऐकून बाळ्याने त्याला आपल्या घरी येऊ दिलं नाही. आजींचे डोळे गेले होते, पण कान असे की खालच्या मजल्यावर दूध उतू गेलं तर वरून सांगत. ती त्याला माझ्याकडे घेऊन आली. चाळिशीच्या आतबाहेरचा, सभ्य, थोडा ओढलेला चेहरा. खुर्चीच्या कडेवर बसला होता.

"ताई, त्याच्या लहानपणाचा भाग आहे," तो म्हणाला. "बाप त्याला मारून कोळशाच्या खोलीत कोंडायचा. आई बाहेर उभी असायची, कडी काढायची नाही. हे मी शोधून काढलंय, मनाचं नाही."

"मग?"

"मग काही नाही. दाखवायचंय."

"म्हणजे लोकांनी अरेरे म्हणावं."

"अरेरे नको. ओळखावं. आपण त्याला राक्षस म्हणून मोकळे होतो, ताई. राक्षस म्हटलं की आपला संबंध संपला. तो माणूस होता, हेच तर भयंकर आहे. माझ्या आजोबांची बोटं मोडली त्याच्या लोकांनी. मला त्याचं कौतुक असेल का?"

"बोटं मोडली," बाळ्या म्हणाली. "पण आजोबा घरी आले ना?"

"आले."

"मग बरं झालं."

तो गोंधळला. त्याला धाकट्याची गोष्ट माहीत नव्हती. मी तोंड उघडणार तोच तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी चहा ओतायला उठले.

"पण मीच का?" तिने विचारलं. "आता खरी मुलं घेतात की सगळे. मला कोण बोलावतं?"

"मी लहान होतो तेव्हा पडद्यावरची सगळी मुलं तुमच्या आवाजात बोलायची," तो म्हणाला. "आमच्या पिढीच्या कानात मूल म्हणजे तो आवाज. लोकांनी त्याला पाहिल्याबरोबर आधी 'पोर' म्हणायला हवं, आणि मग तो कोण आहे ते आठवून चरकायला हवं. हे दुसऱ्या आवाजाने होणार नाही."

हे तो मनापासून बोलत होता. म्हणूनच ते जास्त वाईट होतं.

तो गेल्यावर मी म्हटलं, "सरळ नाही म्हण. त्यात विचार कसला?"

"म्हणते की." ती बशीतला चहा फिरवत बसली. "पण बाई, मी किती दिवस नुसती खोकतेय तुम्हाला माहितेय? म्हातारी खोकली की मला बोलावतात. गेल्या खेपेला मी मेलेली आजी होते. मेलेल्या आजीला बोलायचं काय असतं? एक उसासा. तोही म्हणाले, लहान करा."

मला हसू आलं, तिलाही आलं. मग ती म्हणाली, "त्याला धाकटा कशाला द्यायचा? दुसरा मुलगा करते. नवा."

"तुला एकच येतो ना?"

"एवढा जन्म यात गेला, एक नवा पोरगा जमणार नाही?"

गल्लीच्या तोंडाशी शिंप्याचं दुकान आहे. त्याचा मुलगा नाकात बोलतो आणि कायम कुणाची तरी तक्रार करत असतो. बाळ्याने तो उचलला. आजींच्या कानावर पडू नये म्हणून तालीम माझ्या स्वयंपाकघरात चाले. मी भाजी निवडत असे आणि ही ओट्याला टेकून, हनुवटी वर करून, नाकातून म्हणे, "मी नाही फोडला. बघा ना बाबा, मी नाही फोडला." इतकं हुबेहूब की एकदा शिंपीणबाई दारात येऊन विचारून गेल्या, "आमचा इकडे आलाय का?" बाळ्या खूश झाली. म्हणाली, "बघा. थोरल्यांना शिंप्याचा पोरगा दिला. चोराचा पाहुणचार करायचा तर शिळ्या पाण्याने."

रेकॉर्डिंगच्या दिवशी गुडघा फार दुखत होता म्हणून मी सोबत गेले. भिंतींना जाड कापूस आणि वर काळं कापड लावलेली लहानशी खोली, एक उंच स्टूल, कागद ठेवायची उभी चौकट, कोमट पाण्याचा पेला. समोर पडदा आणि बाजूला काच. काचेपलीकडे बसून जो ध्वनिमुद्रण करतो त्याला ती 'काचवाला' म्हणे. तो तिचा जुना सोबती. दोघांचे केस एकमेकांसमोर पांढरे झाले. ती शिरली तसा स्पीकरमधून त्याचा आवाज आला, "बाळ्या, काही खाल्लंस का? मागच्या वेळी तुझ्या पोटाने संवाद म्हटले होते."

"बिस्किटं खाल्ली. तू तुझं बघ. कानात यंत्र घातलंयस ना, की आपलं अंदाजाने?"

तिने बांगड्या काढून माझ्याकडे दिल्या आणि मी काचेपलीकडे जाऊन बसले. माईक नेहमीपेक्षा वर बांधायला लावला. लहान मूल मोठ्यांशी मान वर करून बोलतं, तशी मान वर केल्याशिवाय तिला मूल सापडत नसे.

काम सुरू झालं. पडद्यावर एक काळासावळा, मोठ्या डोळ्यांचा मुलगा. फुटलेला कंदील. बाप. "मी नाही फोडला." ओठ जुळले. "आई, तू सांग ना." जुळले. शिंप्याचा पोरगा मन लावून तक्रार करत होता. दिग्दर्शक मागच्या कोचावर गाल धरून ऐकत होता. एकदा म्हणाला, "जरा किरकिरा वाटतोय, ताई."

"असेल तोही किरकिरा," ती म्हणाली.

"असेल," तो नाइलाजाने म्हणाला. "पुढे जाऊ."

पुढच्या प्रसंगात पडद्यावर मुलगा नव्हता. नुसतं बंद दार होतं, त्यावर लोखंडी कडी, आणि कडीशेजारी पाठमोरी उभी असलेली आई. कागदावर संवाद नव्हता, कंसात एवढंच लिहिलं होतं, 'आतून मुलाचं रडणं.'

आता इथे काय चुकलं ते सांगते. तिने बोलण्याची तालीम केली होती, रडण्याची नाही. त्या धंद्यात कुणीच करत नाही. रडून घसा बसतो, म्हणून ते शेवटी ठेवतात आणि एकदाच करतात. शिंप्याचा मुलगा कसा बोलतो हे तिला पाठ होतं. तो कसा रडतो ते तिने कधी ऐकलं नव्हतं. आणि जुळवायला समोर ओठ नव्हते, नुसतं बंद दार. तिने डोळे मिटले.

जे आलं ते नाकातलं नव्हतं. आधी एक मोठा हुंदका, मग एकदम शांतता, कुणी येतंय का याचा कानोसा घेत असल्यासारखी. मग पुन्हा, पण खालच्या पट्टीत, स्वतःशीच. रडणं ऐकू जाऊ नये म्हणून तोंडात काही तरी कोंबून रडावं तसं. शाळेच्या मागच्या जिन्याखाली अशी मुलं मी काढली आहेत. अशा मुलाला 'काय झालं' म्हणून विचारायचं नसतं, नुसतं शेजारी बसायचं असतं. मी खुर्चीतून अर्धी उठलेसुद्धा.

ते संपलं तेव्हा दिग्दर्शक भिंतीकडे तोंड करून उभा होता. काचवाल्याने यंत्र बंद केलं. मग म्हणाला, "ओके." आणि मग, "बाळ्या, जरा बाहेर ये."

बाहेरच्या बोळात पाण्याच्या पिंपापाशी आम्ही तिघं उभे राहिलो.

"हा धाकटा होता," काचवाला म्हणाला.

"हो."

"पुसू? चुकून गेलं म्हणून सांगतो. म्हातारा झालोय, माझ्यावर कुणी शंका घेणार नाही. तू पुन्हा रड, शिंप्याच्या पोराच्या आवाजात रड."

तिने पेला भरला, सगळा प्यायली, पालथा घातला.

"राहू दे."

"अगं, वेडी का तू?"

"असं मला कधी आलं नव्हतं रे. इतक्या वर्षांत नाही. पुसलंस तर पुन्हा येणार नाही."

काचवाल्याने माझ्याकडे पाहिलं. आयुष्यभर एक काम केलेल्या माणसाला त्या कामातली आपली सर्वांत चांगली गोष्ट पुसायला सांगणं सोपं नसतं, मग ती कुणाच्या का पदरात पडेना.

परतताना टॅक्सीत ती म्हणाली, "आईला थिएटरात कोण नेणार आहे? आणि टीव्हीवर यायला वेळ लागतो. तोपर्यंत..." तिने वाक्य पुरं केलं नाही. तिच्या वयाच्या मुलीने नव्वदी गाठलेल्या आईविषयी ते पुरं करायचंही नसतं.

जाहिरातीचा विचार आमच्या दोघींच्याही मनात आला नाही.

दुपार होती. मी आजींना वर्तमानपत्र वाचून दाखवत होते. बाळ्या आत भांडी घासत होती. समोरच्या इमारतीत कुणी तरी टीव्ही मोठ्याने लावला होता आणि खिडक्या उघड्या होत्या. एकाएकी ते रडणं गल्लीतून आत आलं. हुंदका, शांतता, मग ते खालच्या पट्टीतलं. त्यावर एका पुरुषाचा जाडाभरडा आवाज. "थोरले! तेही कधी काळी लहान होते." आणि ढोल.

आजींनी हात वर केला. मी वाचायची थांबले. आतल्या भांड्यांचा आवाज थांबला.

"धाकटा रडतोय," आजी म्हणाल्या.

बाळ्या ओल्या हातांनी दारात येऊन उभी राहिली.

"कुणी मारलं गं त्याला?"

"सिनेमा आहे, आई. लहान मुलांचा."

"मी डोळ्यांनी आंधळी आहे," आजी म्हणाल्या. "त्या माणसाने नाव घेतलं ना आत्ता?"

बाळ्याने मान खाली घातली. हातांवरून साबणाचं पाणी जमिनीवर ठिबकत होतं.

"त्याला दिलास?"

"आई, मी दुसराच आवाज केला होता. बाईंना विचार. बोलणं सगळं दुसऱ्याचं आहे. नुसतं रडणं..."

"रडणंच दिलंस," आजी म्हणाल्या. "हसणं तरी द्यायचंस. ते तो मेला घेऊन गेलाच होता."

त्या दिवशी आजींनी वर्तमानपत्र पुढे वाचू दिलं नाही. संध्याकाळी बाळ्या मला बोलवायला आली. म्हणाली, "बाई, तुम्ही जरा वर येऊन बसा. जेवताना." मी गेले. पान वाढलं होतं. आजींनी चाचपून घास उचलला आणि नेहमीप्रमाणे म्हणाल्या, "त्या मेल्याचं..." आणि थांबल्या. घास तसाच हातात. पुन्हा म्हणाल्या, "त्या मेल्याचं..." आणि मान हलवली.

"काय झालं, आई?"

"शिवी द्यायला तोंड उघडलं की तो कानात रडतो. रडणाऱ्या पोराला कोण शिवी देतं?"

"अगं, ते माझं रडणं होतं!"

"तुझं असतं तर सोसलं असतं मी."

आजी जेवल्या. उपास वगैरे काही केला नाही. पण ते जेवण अळणी असल्यासारखं जेवल्या, आणि त्यानंतर रोज तसंच. दुपारचे सिनेमेही बंद झाले. एकदा मी आपण होऊन सांगितलं, "आजी, आज तो घोड्यावाला मुलगा आहे." आजींनी हात हलवला. "नको लावू, बाई. आता त्यात कोण कोण बोलतं मला कळत नाही."

चित्रपट चांगला चालला. समोरचा टीव्ही दिवसातून कितीदा तरी ती जाहिरात ऐकवी आणि बाळ्या दर वेळी उठून खिडकी लावी, पण रडणं सुरू झाल्यावर ना, आधी कशी लावणार? पेपरात तिच्या आवाजाचं कौतुक आलं. ते मी वाचून दाखवलं नाही. स्टुडिओतून पुन्हा बोलावणी येऊ लागली, मुलांच्या आवाजासाठी. ती जाईना. माझ्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून ती मला म्हणाली, "बाई, त्याने एकदा भाऊ नेला. उरलेला मी पोचवला. घरपोच."

मी तिला म्हटलं, तू काही हौसेने केलं नाहीस. ती म्हणाली, "पुसू का म्हणून विचारलं होतं ना मला?"

मग एके दिवशी दिग्दर्शक आला. काचवाल्याकडून त्याला सगळं कळलं होतं. मी वरच होते. दारातच त्याचा चेहरा पाहून मला माझ्या वर्गातली मुलं आठवली, चूक कळलेली पण ती कशी सांगावी हे न कळलेली. त्याने बूट काढले, आत आला, आणि आजींच्या खाटेजवळ जमिनीवरच बसला.

"आजी, मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर मी ताईंना विचारलंच नसतं."

"कोण आहे?" आजींनी विचारलं.

"ज्यांनी सिनेमा केला ते," बाळ्या म्हणाली.

आजींनी आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं. "त्याला बापाने कोंडलं होतं, हे खरं का?"

"खरं आहे, आजी."

"आणि आईने कडी काढली नाही?"

"नाही."

"वाईट केलं." मग म्हणाल्या, "बरं, तुमच्या सिनेमात ट्रक आहे का?"

त्याचा चेहरा किंचित उजळला. "आहे ना आजी. मोठा प्रसंग आहे. ते आम्ही टाळलेलं नाही. थिएटरातून मुलांना उचलून नेतात, ट्रक भरतो, निघतो. लोक रडतात तो भाग बघून."

"लोक राहू देत. ट्रकातली पोरं काय करतात?"

"बसलेली असतात. अंधार असतो. चेहरे दिसत नाहीत."

"बोलतात का काही?"

"नाही."

"रडतात?"

तो थांबला. मला वाटतं, उत्तर तोंडातून निघायच्या आधीच ते त्याला ऐकू आलं.

"तिथे आम्ही संगीत ठेवलंय," तो म्हणाला.

बाळ्या भिंतीला टेकून उभी होती. ती एकदम म्हणाली, "मी करते. त्यांना मी आवाज देते. अंधारच आहे ना, ओठ जुळवायचा प्रश्नच नाही. उद्या येते. पैसे-बिसे काही नकोत."

"ताई..." त्याने हात जोडले. "सिनेमा लागलाय. सगळीकडे गेलाय. आता त्यात काही करता येणार नाही."

"हो का," आजी म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी साधा होता. "तेव्हाही असंच सांगितलं होतं मला. मी त्या थिएटरापाशी धावत गेले ना, तर तिथे एक तुमच्याच वयाचा मुलगा होता गणवेशात. चांगला होता बिचारा, मला पाणी दिलं त्याने प्यायला. म्हणाला, आई, ट्रक गेला. आता काही करता येणार नाही."

दिग्दर्शक मग उठला. दाराशी जाऊन खाली वाकून बुटांच्या नाड्या बांधू लागला. एक बांधून झाली, दुसरीची गाठ सुटेना. कुणी त्याच्या मदतीला गेलं नाही. उभा राहिल्यावर तो आजींकडे बघून म्हणाला, "येतो."

'येतो' म्हटल्यावर 'या' म्हणतात. आजी गप्प होत्या. बाळ्या खिडकीबाहेर बघत होती. तो उंबऱ्यात थांबला, मग जिना उतरून गेला. मी 'या' म्हणणार होते, पण ते घर माझं नव्हतं.